हेराल्डच्या मागच्या सीटखालचा आवाज

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात मिरवणूक वळणावर आली की लेझीम पथकाकडे जरा नीट बघा. रांग सरळ ठेवायची तर आतल्या बाजूची मुले जवळजवळ जागच्या जागी पावले टाकतात आणि बाहेरच्या बाजूची मुले लांब ढांगा टाकत पुढे सरकतात. सगळ्यांनी सारखीच पावले टाकायची ठरवली तर रांग मोडते, नाहीतर कुणीतरी ओढले जाते.

मोटारीच्या मागच्या दोन चाकांचे अगदी असेच आहे. आमच्या गाडीच्या दोन चाकांमधले अंतर ४८ इंच, म्हणजे साधारण १.२२ मीटर आहे. ही गाडी पूर्ण मागे वळवली, म्हणजे अर्धे वर्तुळ घेतले, तर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे ३.८ मीटर जास्त चालते. वळण लहान असो की मोठे, फरक तेवढाच राहतो; शाळेतल्या परिघाच्या सूत्राने घरी पडताळून बघा. बैलगाडीला ही अडचण नाही, कारण तिची दोन्ही चाके आसावर आपापली फिरतात. मोटारीत मात्र इंजिनाला दोन्ही चाके फिरवायची असतात आणि तरीही त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू द्यायचे असते. ही दोन्ही कामे एकाच वेळी करणारी पेटी म्हणजे डिफरन्शियल. ओनेसिफोर पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने १८२०च्या दशकात, वाफेच्या गाड्यांच्या काळात, ही युक्ती चाकांसाठी वापरली. मूळ कल्पना आजही तीच आहे.

हा लेख आमच्या घरच्या गाडीची अशी एक पेटी झिजली तेव्हा आम्ही काय केले, याबद्दल आहे. मंडळातल्या तरुण मुलामुलींनी तो मुद्दाम वाचावा, अशी माझी इच्छा आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

मद्रासची बहीण, इंग्लंडची स्पोर्ट्स कार

आमच्याकडे १९६६ सालची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड आहे. पुण्याची नोकरी सोडून बाबा सिल्वासाला आले, तेव्हा त्यांनी ती वापरलेलीच विकत घेतली होती. मी तिच्यातच गाडी चालवायला शिकले.

हेराल्ड मूळची इंग्लंडची. स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने ती १९५९ साली बाजारात आणली. तिचा आकार इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तींनी काढला. त्या काळात नव्या गाड्यांची बॉडी आणि चासी एकसंध होऊ लागली होती. पण ट्रायम्फला बॉडी पुरवणारा कारखाना बीएमसी या स्पर्धक कंपनीच्या हातात गेला. मग ट्रायम्फने जुनाच मार्ग धरला : खाली वेगळी चासी आणि वर बोल्टने जोडलेले पत्र्याचे भाग. त्या नाइलाजाचा एक मोठा फायदा झाला. अशी गाडी दुसऱ्या देशात नेऊन जोडणे सोपे होते. १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी ‘स्टँडर्ड हेराल्ड’ बनवू लागली. योगायोग असा की आपला दादरा आणि नगर हवेलीचा भाग भारतीय संघराज्यात औपचारिकरीत्या सामील झाला, तोही १९६१ सालीच.

याच हेराल्डच्या पोटातून १९६२ साली एक स्पोर्ट्स कार जन्मली : ट्रायम्फ स्पिटफायर. दोन सीट, उघडे छप्पर आणि खाली हेराल्डचीच आखूड केलेली व बदललेली चासी. पुढचे सस्पेन्शन, मागचे सस्पेन्शन आणि डिफरन्शियल याच घराण्यातले. स्पिटफायर १९८० पर्यंत बनत राहिली. आज इंग्लंड-अमेरिकेत हजारो लोक ती हौसेने सांभाळतात, म्हणूनच तिचे सुटे भाग अजून बनतात आणि विकले जातात. आमच्या मद्रासच्या हेराल्डला त्या भागांचा आयता लाभ मिळतो. बहीण स्पोर्ट्स कार असल्याचा हा फायदा!

या घराण्याच्या मागच्या बाजूची रचना वेगळी आहे. अॅम्बॅसॅडरसारख्या गाडीत डिफरन्शियल आणि एक्सल मिळून एक आडवी लोखंडी नळी असते आणि ती चाकांबरोबर वर-खाली होते. हेराल्डमध्ये डिफरन्शियल चासीला पक्के बांधलेले असते आणि त्याच्या डोक्यावर आडवा पाटा बसतो. दोन्ही बाजूंचे एक्सल युनिव्हर्सल जॉइंटवर पंखांसारखे हलतात. त्यामुळे खड्ड्यात एक चाक गेले तरी दुसरे फारसे बिथरत नाही. पण वळणावर वेगात असताना अॅक्सिलरेटर झटकन सोडला तर मागचे चाक आत मुडपते. आपल्याकडच्या बऱ्याच ड्रायव्हरांना आणि मेकॅनिकांना ही रचना आवडली नाही. मद्रासच्या कंपनीने १९७०च्या दशकात हेराल्डवरूनच ‘गॅझेल’ काढली, तेव्हा तिला सरळ एकसंध मागचा एक्सल दिला. म्हणजे हेराल्डचे डिफरन्शियल उघडणारे हात आपल्या देशात तेव्हाही कमी होते. आता तर विचारूच नका.

आवाज काय सांगतो

गेल्या पावसाळ्यानंतर गाडी मागच्या बाजूने कण्हू लागली. पंचेचाळीस ते साठच्या वेगात ‘ऊंऽऽ’ असा एकसुरी आवाज, तोही अॅक्सिलरेटर दाबलेला असतानाच. पाय उचलला की आवाज बदले. शिवाय क्लच सोडताना मागच्या सीटखाली ‘टक’ असा ठोका पडे. आणि गाडी उभी असेल तिथे फरशीवर रुपयाएवढा तेलाचा डाग.

मिस्त्रीकाकांना फोनवर हे सांगितले. काकांची अर्धी हयात गिरगावातल्या गॅरेजमध्ये गेली. आता ते मुलाकडे वापीला असतात. त्यांनी लगेच निदान केले नाही. म्हणाले, “ताई, आधी सोपं ते बघा. मागून आवाज आला की सगळे डिफरन्शियलवर आळ घेतात.”

त्यांनी सांगितलेला क्रम असा होता. कुणाच्याही जुन्या गाडीला तो उपयोगी पडेल.

पहिले, टायर. झिजलेला टायरही घुमतो, पण रस्ता बदलला की त्याचा आवाज बदलतो. डिफरन्शियलला डांबर काय नि सिमेंट काय, सारखेच.

दुसरे, चाकाचे बेअरिंग. त्याचा आवाज अॅक्सिलरेटरवर अवलंबून नसतो; वळणावर गाडीचे वजन एका बाजूला गेले की तो वाढतो किंवा कमी होतो.

तिसरे, युनिव्हर्सल जॉइंट. ‘टक’ आवाजाचा पहिला संशयित तोच. गाडी उभी करून शाफ्ट हाताने डावी-उजवीकडे पिळायचा आणि जॉइंटमध्ये हालचाल दिसते का ते बघायचे.

हे सगळे ठीक निघाले आणि आवाज इंजिनाच्या ताणाबरोबर बदलत असेल, तर मग डिफरन्शियल. आमचे हे सगळे ठीक निघाले.

विकायची, कापायची की उघडायची?

खरा पेच इथे सुरू झाला. गावातल्या एका गॅरेजवाल्याने गाडी बघून सल्ला दिला : “हे उघडण्यात अर्थ नाही. चासीला थोडं कापू, दुसऱ्या गाडीचा अख्खा एक्सल वेल्ड करू, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर.” एक गृहस्थ गाडी आहे तशी विकत घ्यायलाही तयार होते. तेही असेच काहीतरी करणार होते.

बाबा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. गाडीखाली आडवे होणे त्यांना जमत नाही. ते म्हणाले, “देऊन टाक. माझ्यानंतर तरी कोण बघणार आहे तिला?” रागाने नाही, हिशेब मांडल्यासारखे म्हणाले. मला मात्र ते वाक्य खटकले. कारण प्रश्न गाडीचा नव्हता, ‘कोण बघणार’ याचा होता.

कापाकापीविरुद्ध एक व्यावहारिक कारणही होते. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय झाली. तिच्यात अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. अशी नोंदणी केली तर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, त्यामुळे ती घ्यायची की नाही हे आम्ही अजून ठरवलेले नाही. पण एकदा चासी कापली की तो दरवाजा कायमचा बंद होतो. दुरुस्ती अशी असावी की पुढच्या माणसाला निवड करायला जागा उरेल.

आणि वेळही थोडा होता. मिस्त्रीकाका दिवाळीनंतर कायमचे साताऱ्याकडच्या गावी जाणार होते. त्यांच्या डोळ्यांना आता डायलवरचे आकडे दिसत नाहीत. मी सुरंगीच्या एका छोट्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. भाग मोजणे हेच माझे रोजचे काम. काका म्हणाले, “हात माझे, डोळे तुमचे. जमेल?” कारखान्याच्या मालकांनी रविवारी मोजमापाचे टेबल वापरायची परवानगी दिली. माझा नववीतला भाचा टॉर्च धरायला तयार झाला. बाबांनी खुर्ची टाकून बसायचे कबूल केले. असे चार रविवार ठरले.

पेटी उघडली

हेराल्डचे डिफरन्शियल काढायला सुरुवात गाडीच्या आतून होते. मागची सीट काढली की खाली पत्र्याचे झाकण असते. त्याखाली पाटा डिफरन्शियलला ज्या नटांनी बांधलेला असतो ते दिसतात. इथे घाई करायची नाही. पाट्यात गाडीच्या वजनाचा ताण असतो. चासी भक्कम स्टँडवर टेकवून, चाकांकडच्या बाजूला जॅकचा आधार देऊन तो ताण आधी उतरवायचा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जायचे नाही, हे काकांनी भाच्याकडून तीनदा म्हणवून घेतले.

पेटी टेबलावर आली आणि मागचे झाकण उघडले, तेव्हा आतून काळपट लगदा निघाला. तेल नव्हतेच, घट्ट ग्रीस आणि त्यात लाकडाचा भुसा! कुण्या जुन्या मालकाच्या काळात कुठेतरी ही करामत झाली असावी. भुशाने आवाज काही महिने दबतो. पण भुसा बेअरिंगपर्यंत तेल पोहोचू देत नाही, म्हणजे आवाज लपतो आणि झीज वाढते. त्यात श्वास घेण्याचे बारीक भोक मातीने बुजले होते. पेटी तापली की आतली हवा फुगते; तिला वाट नसेल तर ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. फरशीवरच्या डागाचे मूळ तिथे होते.

सगळे धुऊन पुसून मांडल्यावर पेटीतली मंडळी स्पष्ट दिसली. इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला लहान दातेरी चाक, ते पिनियन. ते ज्याला फिरवते ते मोठे, ताटलीसारखे चाक म्हणजे क्राऊन. आमच्या क्राऊनला ३९ दात आणि पिनियनला ८. म्हणजे पिनियनच्या ४.८७५ फेऱ्यांना चाकांची एक फेरी. ३९ आणि ८ यांना सामाईक अवयव नाही, हे मुद्दाम केलेले असते. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात आळीपाळीने क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते. म्हणून बदलायची तर दोन्ही बदलायची; एक नवे नि एक जुने असा संसार टिकत नाही.

क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यात आणखी चार छोटी चाके असतात : दोन एक्सलची आणि त्यांच्या मधली, एका आडव्या पिनेवर फिरणारी दोन. लेझीम पथकाची वळणावरची कसरत हीच चौघे करतात. गाडी सरळ चालली की ही चाके पिंजऱ्याबरोबर नुसती फिरतात, आपापसांत हलत नाहीत. वळण आले की मधली दोन आपल्या पिनेवर फिरू लागतात. एका एक्सलचा वेग जेवढा कमी होतो तेवढाच दुसऱ्याचा वाढतो.

झीज कुठे होती? या छोट्या चाकांच्या पाठीमागचे वॉशर पातळ झाले होते आणि पिनेवर हाताला लागेल एवढी खोबण पडली होती. ‘टक’ तिथला. पिनियनच्या बेअरिंगच्या रोलरवर खवले उडाले होते. त्यामुळे पिनियन ताणाखाली किंचित मागे-पुढे सरके. ‘ऊंऽऽ’ तिथला. असे बेअरिंग पूर्ण तुटले तर तुकडे दातांत अडकून मागची चाके जागीच जखडू शकतात, आणि तेही चालत्या गाडीत. म्हणून या आवाजाकडे दुर्लक्ष करणे म्हणजे जिवाशी खेळ.

चांगली बातमी अशी की क्राऊन-पिनियनचे दात शाबूत होते. काकांनी नखाने एकेक दात तपासला. “जोडी ठेवायची,” ते म्हणाले.

भागांची जमवाजमव

टेपर रोलर बेअरिंगच्या कड्यावर नंबर कोरलेला असतो. इंची मापाची बरीच बेअरिंगे इतर यंत्रांतही वापरली जातात. आमची मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर नंबर दाखवून मिळाली. ऑईल सील मापावर मिळाले : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. वॉशर आणि पीन मात्र स्पिटफायरचे म्हणून इंग्लंडहून मागवावे लागले.

त्यांच्याबरोबर एक मोहही आला. ब्रिटनमधल्या ९४८ सीसी हेराल्डचे प्रमाण आमच्यासारखेच ४.८७५ होते, सुरुवातीच्या स्पिटफायरचे ४.११, नंतरच्यांचे ३.८९ आणि १५०० सीसीवाल्यांचे ३.६३. आकडा जितका लहान तितके इंजिन निवांत. साठच्या वेगाला आमचे इंजिन मिनिटाला सुमारे २८०० फेरे मारते, ४.११ लावले तर सुमारे २४०० मध्ये भागेल. वापी-मुंबई महामार्गासाठी ते छान. भाचा तर स्पिटफायरचे पूर्ण युनिटच मागवा म्हणून मागे लागला होता.

पण आमच्या इंजिनाची ताकद पस्तीस अश्वशक्तीच्या आसपास. खानवेलकडच्या चढावर चार माणसे घेऊन जायचे तर लहान आकडा म्हणजे वारंवार खालचा गिअर. शिवाय चांगली जुळलेली जोडी हातात असताना ती मोडायची कशाला? बाबा बराच वेळ गप्प होते, ते एवढेच म्हणाले, “तिला महामार्गावर पळवायची कुणाला आहे? वळणं घेऊ दे.” निर्णय झाला.

शेंदूर आणि डायल

नवे बेअरिंग ठोकले, पेटी मिटली, असे हे काम नाही. पिनियन क्राऊनच्या किती आत शिरतो आणि क्राऊन त्याच्या किती जवळ बसतो, हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात ठरते. जुन्या आणि नव्या बेअरिंगच्या उंचीत थोडासा फरक असला तरी ते बदलते. जुळणी साधायला वापरतात ते शिम, म्हणजे कागदापेक्षाही पातळ असू शकणारी पोलादी कडी. जात्याच्या दोन तळ्यांमधले अंतर जमले नाही तर पीठ भरड येते नाहीतर दगडाला दगड घासतो. इथेही तोच न्याय.

क्राऊनचा पिंजरा हाऊसिंगमध्ये घट्ट बसलेला असतो. तो काढायला हाऊसिंग किंचित ताणावे लागते, त्यासाठी काकांनी पूर्वी स्वतः बनवलेले अवजार होते. बेअरिंगच्या टोप्या काढण्याआधी डावी-उजवी अशा खुणा केल्या. त्या जागच्या जागीच परत गेल्या पाहिजेत.

मग खरी परीक्षा. काकांनी क्राऊनच्या काही दातांना शेंदूर आणि तेलाचे मिश्रण लावले. जुन्या ब्रिटिश मॅन्युअलांतही खुणेसाठी शेंदूरच सांगितलेला असतो. (शेंदरात शिसे असते, मी हातमोजे घातले आणि भाच्याला लांब ठेवले. आता निळी मार्किंग पेस्ट मिळते, ती बरी.) क्राऊन हाताने अडवत पिनियन फिरवला की दातांवर ठसा उमटतो. तो ठसा वाचता आला पाहिजे :

ठसा दाताच्या शेंड्याकडे असेल तर पिनियन लांब आहे. जाड शिम घालून आत ढकला.

ठसा दाताच्या मुळाशी असेल तर पिनियन फार आत आहे. शिम पातळ करा.

ठसा दाताच्या आतल्या टोकाकडे असेल तर क्राऊन पिनियनच्या फार जवळ आहे. बाहेरच्या टोकाकडे असेल तर फार लांब. अशा वेळी एका बाजूचे शिम काढून तेवढेच दुसऱ्या बाजूला घालायचे, म्हणजे बेअरिंगचा दाब बदलत नाही.

आमचा पहिला ठसा शेंड्याकडे आला. ०.०८ मिलिमीटर वाढवले. दुसरा किंचित मुळाकडे गेला. ०.०३ कमी केले. प्रत्येक वेळी पिनियन बाहेर, बेअरिंग बाहेर, शिम बदला, पुन्हा सगळे आत. तिसऱ्यांदा ठसा दाताच्या मधोमध, किंचित आतल्या टोकाकडे आला. काकांनी बोट फिरवून विचारले, “मधे आहे ना?” त्यांना दिसत नव्हते, पण शेंदूर कुठे पुसला गेलाय ते बोटाला कळत होते.

मग दातांमधली मोकळीक. डायल गेज क्राऊनच्या दाताला टेकवून, पिनियन अडवून, क्राऊन हलकेच मागे-पुढे करायचा. मॅन्युअल सांगते चार ते सहा हजारांश इंच, म्हणजे ०.१० ते ०.१५ मिलिमीटर; साधारण दोन केसांच्या जाडीएवढी. कमी असेल तर तेलाला जागा नाही, जास्त असेल तर ठोका. आम्हाला चार ठिकाणी ०.१२ ते ०.१३ मिळाली. मी आकडा वाचला की काका डोळे मिटून क्राऊन हलवत. थोड्या वेळाने त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. “आकडा माहीत झाला, आता हाताला ओळख करून द्या. पुढच्या वेळी मी नसेन.”

तेल भरताना एक लक्षात ठेवा. क्राऊन आणि पिनियनचे दात इथे नुसते फिरत नाहीत, एकमेकांवर घसरतातही. म्हणून साधे इंजिन ऑईल चालत नाही. गंधकाचा वास येणारे ९० नंबरचे हायपॉइड गिअर ऑईल लागते. या पेटीला ते फक्त अर्ध्या लिटरपेक्षा थोडे जास्त, म्हणजे एक ब्रिटिश पिंट पुरते. गाडी सपाट जागी उभी करून तेल भोकाच्या कडेपर्यंत भरायचे आणि दरवर्षी पावसाळा संपला की तपासायचे. पाणी शिरले असेल तर तेल दुधाळ दिसते.

वहीतली पाने

चौथ्या रविवारी संध्याकाळी गाडी बाबांनी चालवली. मी मागे बसले, कान सीटला लावून. पन्नासवर इंजिनाचा आवाज होता, वाऱ्याचा होता, मागून काही नाही. बाबांनी दोनदा अॅक्सिलरेटर दाबून सोडून पाहिला. मग विचारले, “ते सगळं कुठं लिहून ठेवलंयस का?”

लिहिले होते. एका दोनशे पानी वहीत प्रत्येक शिमची जाडी, तिन्ही ठशांची चित्रे, बेअरिंगचे नंबर, सीलची मापे आणि वापरलेल्या तेलाचे नाव आहे. उरलेले शिम पाकिटात घालून, पाकिटावर जाडी लिहून शेवटच्या पानाला चिकटवले आहेत. काही पाने भाच्याच्या अक्षरात आहेत. काका साताऱ्याला जाण्याआधी त्यांनी ती वही वाचून घेतली, म्हणजे आम्ही वाचली आणि त्यांनी ऐकली. दोन ठिकाणी भर घातली. त्यांच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या कामात त्यांनी काहीही कधी लिहिलेले नव्हते. लिहून घेणारे कुणी आले नव्हते.

म्हणून हा लेख. बेअरिंग नागदेवीला मिळते, वॉशर इंग्लंडहून येतो. पण बोटांनी ठसा ओळखणारा माणूस कुठूनही मागवता येत नाही, आणि तो गावी जाण्याआधी चार रविवार काढावे लागतात. आपल्या भागात कारखान्यांमुळे मोजमापाची साधने आणि ती वापरणारी तरुण मुले-मुली भरपूर आहेत. घरात जुनी गाडी, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, ग्रामोफोन असे काही असेल, आणि ते दुरुस्त करणारे कुणी काका-काकू अजून ओळखीत असतील, तर वस्तू भंगारात देण्याआधी एकदा उघडून बघा. टॉर्च धरायला कुणालातरी शेजारी बसवा, आणि शिमची जाडी लिहून ठेवा.